लिओबाच्या अंगणातली फोडाफोड

माझ्या भाचीचं लग्न मीच मोडायला निघाले होते, आणि तेही प्रेमापोटी! आज आठवलं की हसू येतं. त्या दिवशी मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मी टिल्डा. वेस्टरवाल्डच्या डोंगरातलं आमचं गाव चौदा भट्ट्यांचं आहे. राखाडी भांडी आणि त्यावर निळी नक्षी, हाच आमचा धंदा. भांडी पुरुष घडवतात, नक्षी बायका काढतात आणि बढाया पुन्हा पुरुषच मारतात. माझी बहीण गेली तेव्हा तिची लिओबा पाच वर्षांची होती. मी माझं बोचकं उचललं आणि मेहुण्याच्या, म्हणजे योस्टच्या, घरी येऊन राहिले. लग्न केलं नाही. मला कुणी विचारलंच नाही असं गावात म्हणतात. विचारलं होतं, दोघांनी. पण ते असो.

लिओबा वीस वर्षांची झाली त्या वर्षी योस्टच्या खाणीतली माती संपली. खणावं तिथे वाळूच लागे, आणि वाळूचं भांडं भट्टीत टिकत नाही. योस्ट रोज सकाळी कुदळ घेऊन जाई आणि दुपारी शिव्या देत परत येई. एकदा खाणीत एकटाच असताना त्यानं कुदळ फेकली आणि आभाळाकडे बघून ओरडला, "जो कोणी मला चांगली माती दाखवील त्याला माझी लिओबा देईन! मग तो जनावर का असेना!"

तेवढ्यात त्याच्या पायापाशी बिळातून आवाज आला, "शब्द देण्याआधी मुलीला विचारलंस का?"

बिळातून एक बिज्जू बाहेर आला. जाडजूड अंग, करडे केस, तोंडावर काळे-पांढरे पट्टे आणि पुढच्या पायांना ही एवढाली नखं. योस्ट इतका पळाला की एक बूट खाणीतच राहिला.

दुसऱ्या दिवशी बिज्जू दारात हजर! तोंडात योस्टचा बूट आणि बुटात पांढऱ्याशुभ्र मातीचा गोळा. मी खराटा उगारला. लिओबानं मला बाजूला सारलं, मातीची चिमूट उचलली आणि जिभेवर ठेवली. आमच्याकडे माती अशीच पारखतात.

"बारीक आहे," ती म्हणाली. "वाळू नाही. कुठे सापडली?"

"दाखवतो," बिज्जू म्हणाला. "शब्दाचं मनावर घेऊ नका. तो तुमच्या बाबांनी दिलाय, तुम्ही नाही."

"मी मनावर घेतलेलाच नाही. पण हात हवाय आम्हाला. वर्षभर कामाला ये, मग बघू."

"मग बघू म्हणजे काय बघू?" मी किंचाळले. "अगं, जनावर आहे ते!"

"मावशी, मागच्या महिन्यात तू मला ज्याचं स्थळ आणलंस, तो जेवताना कसा मचमच आवाज करत होता, आठवतंय ना?" लिओबा म्हणाली. तिच्यापुढे बोलायची सोय नाही.

तर बिज्जू राहिला. बोलणारं जनावर म्हणजे कुणाचा तरी शाप असणार, हे गावात सगळ्यांनाच वाटे. त्याला विचारलं तर तो नुसता मान खाली घाली. लिओबा म्हणे, "असेल नाहीतर नसेल. मला जो दिसतो तो पुरे आहे." तो माती खणे, तुडवे, चाळे. भट्टीतून निघालेल्या भांड्यावर नखानं टिचकी मारून कुठे तडा आहे ते सांगे आणि एकदाही चुकला नाही. संध्याकाळी दोघं कामाच्या खोलीत हसत बसलेले मला ऐकू येत. माझ्या कणकेत मात्र केस सापडायचे, आणि मी धुमसायचे. जनावर, जनावर, जनावर. दिवसातून दहा वेळा माझ्या मनात तेच यायचं.

मग जानेवारीत मी ओढ्यावर बर्फात घसरले. घोटा मुरगळला. मी तिथे बसून लहान मुलासारखी भोकाड पसरून रडले आणि देवाला, योस्टला आणि माझ्या मेलेल्या बहिणीलासुद्धा शिव्या घातल्या. बिज्जूनं सगळं ऐकलं. त्यानं मला घसरगाडीवर घातलं आणि दोर दातात धरून घरापर्यंत ओढत आणलं. गावात त्यानं कुणाकडे अवाक्षर काढलं नाही, लिओबाकडेसुद्धा नाही. त्या दिवसापासून मी कणकेतले केस मुकाट्यानं काढून टाकू लागले.

वर्ष संपलं तशी लिओबानं योस्टला सांगितलं, "बाबा, मी त्याच्याशी लग्न करणार." योस्ट पाइप ओढायचा विसरला. आमचे पाद्रीबाबा दोन दिवस पोथ्या चाळत बसले आणि शेवटी म्हणाले, "बिज्जूशी लग्न लावू नये असं यात कुठे लिहिलेलं नाही. शिवाय प्रार्थना त्याला आमच्या घंटा वाजवणाऱ्यापेक्षा चांगली पाठ आहे." झालं! जूनअखेरचा, सेंट जॉनच्या सणानंतरचा शनिवार ठरला.

आता आमची रीत ऐका. लग्नाच्या आदल्या दिवशी, चर्चच्या घंटेत चारचे टोल पडले की गाव नवरीच्या अंगणात जमतं आणि दारापुढे भांडी फोडतं. मातीची फक्त. काचेला कुणी हात लावायचा नाही, काच फुटली तर अपशकुन. आवाजानं वाईटसाईट पळून जातं, आणि जितकी जास्त भांडी फुटतील तितकं जोडप्याचं भलं होतं. मग नवरानवरीनं मिळून सगळं झाडायचं. पोरं मुद्दाम ढिगाला लाथा मारून खापऱ्या पुन्हा पसरवतात, सगळे हसतात आणि बिअर पितात. दुसरीकडे लोक चार फुटके वाडगे आणतात. आम्ही कुंभार! प्रत्येक भट्टीतून तडे गेलेला माल निघतो आणि तो आम्ही अशा दिवसासाठीच राखून ठेवतो.

आणि मी काय केलं? आठवडाभर आधीपासून चौदाही घरं पालथी घातली. "माझ्या लिओबाचं लग्न आहे, हात आखडता घेऊ नका हं!" प्रत्येक दारात हेच. लोक म्हणाले, अहो टिल्डा, हे काय सांगणं झालं? पोरगी बिज्जूशी लग्न करते आहे, तिला तर दुप्पट नशीब लागणार! सगळ्यात मोठ्या भट्टीची मालकीण आडेलहाइड म्हणाली, "मी दोन बैलगाड्या भरून आणते. दोन वर्षांचा माल पडलाय." आनंदानं मी तिच्या गळ्यात पडले.

त्या शुक्रवारी दुपारी एक वाजता मी स्वयंपाकघरात केकसाठी चेरीच्या बिया काढत होते. मागच्या दारातून बिज्जू आला. दार लावलं आणि माझ्यासमोर बसला. त्याच्या मिशांचे केस थरथरत होते.

"टिल्डामावशी, रस्त्यावर गाड्यांची रांग लागलीय. त्या सगळ्या आपल्याकडे येताहेत?"

"मग! कुणी केलं हे सगळं, ओळख बघू!" मी मोठ्या दिमाखात म्हणाले.

तो खालीच बसला. म्हणजे बसलेला होताच, पण आणखी खाली गेला. "मावशी, मी माणूस आहे. वेंडेलिन नाव माझं. भांडी घडवत गावोगाव फिरणारा कारागीर होतो. सहा वर्षांपूर्वी एका गावात असाच फोडाफोडीला गेलो. नवरी गरीब घरची होती. ती बिचारी झाडत होती आणि मी ढिगाला लाथ मारत होतो. एकदा नाही, दहादा. मला वाटलं काय गंमत! ती झाडता झाडता चक्कर येऊन पडली, तरी मी हसत होतो. तिची आजी दारात उभी होती. म्हणाली, जा, मातीत तोंड घालून राहा."

माझ्या हातातली चेरी खाली पडली. "आणि सुटका?"

"माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी, सूर्य बुडायच्या आत, माझ्या नवरीनं आणि मी मिळून अंगणातली एकूण एक खापरी झाडून बाहेर टाकायची. दोघांनी मिळून, शेवटची सुद्धा. तिसऱ्या हातानं एक खापरी जरी बाहेर गेली तरी संपलं. आणि तिला हे माहीत असता कामा नये. तिनं आपणहून केलं पाहिजे."

"नाही झालं तर?"

"मग कायमचा असाच. आणि बोलणंही जाईल, मावशी. उद्या चर्चमध्ये तिच्याशेजारी एक मुकं जनावर उभं असेल." त्यानं पंजानं डोळे पुसले. "चार घरची भांडी असतील असं धरून चाललो होतो. तेवढी झाली असती."

चौदा भट्ट्या! दोन वर्षांचा माल! आणि तो सगळा मी दारोदार फिरून गोळा केलेला! "गावाला सांगू या," मी म्हणाले.

"गावाला सांगितलं तर लिओबाच्या कानावर जायला किती वेळ लागेल?"

खरं होतं. आमच्या गावात शिंकलं तर तीन घरं पलीकडून 'देव बरं करो' ऐकू येतं. मी एप्रन फेकला आणि धावत सुटले.

पहिली गाठ आडेलहाइडशी. ती गाडीवर स्वतः बसली होती, राणीसारखी.

"आडेलहाइड, अगं, एवढं नको. दोनचार मडकी फोड नि बाकीचं परत ने."

तिचा चेहराच बदलला. "का गं? परवा तर हात आखडू नको म्हणालीस. माझा माल हलका वाटला का?"

"तसं नाही गं..."

"मग पोरीचं भलं नको झालंय तुला? बिज्जू पसंत नाही म्हणून?" ती गाडीवर उभी राहिली आणि रस्ताभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ऐकलंत का? स्वतःच्या भाचीच्या लग्नात भांडी फोडू नका म्हणते ही! उर्बान, जा रे, घरून तिसरी गाडी आण!"

उर्बान म्हणजे तिचा मुलगा, बावीस वर्षांचा दांडगा बैल. तो निघालासुद्धा. मी दुसऱ्या दारी गेले, तिसऱ्या दारी गेले. मी जितकं नको म्हणावं तितकं लोकांना वाटे की पोरीवर काहीतरी संकट आहे, आणि ते माळ्यावरून आणखी भांडी उतरवत. शेवटी मी फाटकाला आतून अडसर लावला. चारचे टोल पडले आणि भिंतीवरून मडकी यायला लागली! योस्टनं हसत हसत अडसर काढला. "टिल्डा, चेरीच्या दारूची चव घेतलीस वाटतं!"

देवा, काय तो आवाज! घागरी, बरण्या, वाडगे, बिअरचे मग, लोणच्याच्या कोबीचे एवढाले रांजण! कुत्री पळाली, कोंबड्या छपरावर चढल्या. पाद्रीबाबांनी बाही मागे सारून एक बरणी अशी भिरकावली की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लिओबा दारात उभी राहून हसत होती, गाल लाल झालेले, आणि प्रत्येक फुटण्याला ओरडत होती, "आणखी! आणखी!" ढीग खिडकीच्या चौकटीला लागला. बिज्जूनं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे बघितलं.

सहा वाजता गाड्या रिकाम्या झाल्या. सूर्य ओकच्या झाडांवर अजून बराच उंच होता. आमच्याकडे जूनमध्ये तो साडेनऊपर्यंत बुडत नाही, म्हणजे हातात साडेतीन तास होते. लिओबानं खराटा उचलला, बिज्जूनं टोपली ओढली आणि दोघं लागले. ती झाडून भरे, तो पंजांनी लोटे. मग टोपलीचा एक कान तिनं हातात धरायचा, दुसरा त्यानं दातात, आणि भट्टीमागच्या खापऱ्यांच्या खड्ड्यात नेऊन ओतायची. परत यायचं. पुन्हा भरायची. वीस टोपल्या झाल्या, तीस झाल्या. लोक केक खात गाणी म्हणत होते.

मग उर्बान उठला, ढिगाजवळ आला आणि धाडकन लाथ मारली. खापऱ्या चारी दिशांना! सगळे खो खो हसले. लिओबाही हसली. बिज्जू मात्र पसरलेल्या खापऱ्यांकडे बघत राहिला. त्याला स्वतःचीच लाथ आठवली असेल, असं मला वाटलं.

दुसरी लाथ बसली तेव्हा माझं डोकं फिरलं. मी धावत गेले, स्कर्ट सावरला आणि सरळ ढिगाच्या माथ्यावर जाऊन बसले.

"टिल्डाबाई अंडी उबवताहेत रे!" उर्बान ओरडला.

"उबवीन! आणि तुझ्यासारखं पिल्लू निघालं तर चुलीत घालीन!"

हशा पिकला, पण म्हाताऱ्या बाईला लाथ मारायची उर्बानची छाती नव्हती. मी तिथेच ठाण मांडलं. बुडाखाली टोचत होतं, पाय बधिर झाले, पण हललेच नाही. दोघं कडेकडेनं झाडत माझ्यापर्यंत येत होती. आठ वाजले. नऊ वाजले. लिओबाचं हसणं केव्हाच थांबलं होतं. तिचे तळहात फाटले होते, बिज्जूच्या पंजातून रक्त येत होतं, आणि अंगण इंचाइंचानं मोकळं होत होतं.

शेवटच्या टोपलीला मी उठले. त्यांनी ती भरली, उचलली आणि खड्ड्यात ओतली. अंगण स्वच्छ! सूर्य झाडांच्या शेंड्यांवर टेकलेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लिओबानं खराटा भिंतीला टेकवला आणि पायरीवर धपकन बसली.

आणि बिज्जू? बिज्जू बिज्जूच राहिला.

त्यानं आपले पंजे उलटसुलट करून पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. मी वेड्यासारखी कोपरे धुंडाळले, बाकाखाली बघितलं, विहिरीमागे बघितलं. कुठे काही नाही! आणि मी वळले तेव्हा मांडीला काहीतरी टोचलं. माझे स्कर्ट! आमच्या बायका एकावर एक पाच स्कर्ट नेसतात, सगळे बारीक चुण्यांचे, आणि त्या चुण्यांत मी तीन तास बसून खापऱ्या भरून घेतल्या होत्या. तशीच बाहेर गेले असते तर त्या तिसऱ्याच्या अंगानं गेल्या असत्या. दुसरा उपाय नव्हता. झाडलेल्या लख्ख अंगणाच्या मधोमध मी उभी राहिले आणि स्कर्ट झटकले. खळ्ळ!

लिओबानं मान वर केली. "मावशी," ती म्हणाली, "आज तुला झालंय तरी काय? दिवसभर सगळ्यांशी भांडलीस, आणि आता हे? राहू दे. उद्या सकाळी उचलीन."

"आज," बिज्जू म्हणाला. "लिओबा, आजच. दोघं मिळून."

"तुझे पंजे बघितलेस का? बस बघू तू इथे." तिनं त्याला खांद्याला धरून पायरीवर बसवलं. तो उठू लागला तशी तिनं आवाज चढवला. "बस म्हटलं ना! चार खापऱ्या आहेत, मी एकटी उचलते."

एकटी! तिच्या मायेनंच आता सगळं बुडणार होतं. ती खराट्याकडे निघाली. सूर्याचा खालचा काठ झाडांमागे गेला होता. माझ्याजवळ सांगायला शब्द नव्हते. म्हणजे खरे शब्द नव्हते. मग मी जे माझ्याजवळ होतं तेच काढलं.

"बरोबर आहे!" मी कमरेवर हात ठेवून सगळ्या गावादेखत ओरडले. "एकटीच कर! आताच सवय करून घे! जन्मभर एकटीलाच राबायचंय! नवरा म्हणून जनावर आणलंस घरात, ते काय तुझ्या जोडीनं काम करणार? त्याला बाहेर गोठ्यात बांध नि तू झाड!"

कुणीतरी 'अगं बाई' म्हटलं. योस्टच्या हातातला मग कलंडला. लिओबा हळूच वळली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला मरून जावंसं वाटलं. सोळा वर्षं मी तिच्या वेण्या घातल्या होत्या, आणि तिनं माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

"ऊठ," ती बिज्जूला म्हणाली. "ऊठ रे. ये इकडे. खराटा धर. खालून तू धर, वरून मी. दाखवू या हिला."

तो उडी मारूनच आला! एका खराट्यावर दोघं. झाडलं, लोटलं, टोपलीत भरलं. एक खापरी दगडी फरशीच्या फटीत अडकली, त्यानं नखानं उकरली, तिनं बोटांनी उचलली आणि टोपलीत टाकण्याआधी दोघांनी मिळून धरली. मला ते दिसलं. मी ओठ चावून उभी होते. टोपली उचलली. चला, चला, चला! सूर्य नखाएवढा उरला होता. लिओबा रागानं इतकी भराभर चालत होती की बिज्जूला तिच्यामागे पळावं लागत होतं. मी धावले, आणि माझ्यामागे कारण न कळताच सगळं गाव धावलं. खड्ड्याच्या काठावर त्यांनी टोपली उलटी केली. खळखळ आवाज झाला आणि झाडांमागे सूर्य गेला.

बिज्जू पुढच्या पायांवर कोसळला. पाठीवरचं कातडं मानेपासून शेपटीपर्यंत उसवत गेलं, आणि आतून एक माणूस उठून बसला. उघडाबंब! आडेलहाइडनं डोळे मिटले, मग एक उघडला, मग एप्रन सोडून त्याच्या अंगावर फेकला. बायका किंचाळत होत्या, पुरुष त्यांच्यापेक्षा मोठ्यानं किंचाळत होते. मी तर नाचत होते! खरंच, त्या मुरगळलेल्या घोट्यावर!

एकटी लिओबा हसत नव्हती. तिनं रिकामी टोपली त्या माणसावर उगारली. "माझा बिज्जू कुठाय?"

"लिओबा, मीच तो."

"मीच म्हणे! मी तुला ओळखत नाही. त्याला कुठे घालवलंस ते सांग!" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मुलगी बिज्जूला हो म्हणाली होती. राजपुत्र निघेल म्हणून ती थांबली नव्हती, आणि समोर कुणीतरी अनोळखी माणूस बसला होता.

त्यानं काही समजावलं नाही. नुसते दोन्ही हात पुढे केले. तळव्यांवर ओल्या जखमा होत्या, जिथे जिथे पंजे फाटले होते तिथेच. लिओबानं टोपली खाली ठेवली. त्याचे हात आपल्या हातात घेतले आणि एकेक जखम बघत राहिली.

"दुखतंय का?" तिनं विचारलं.

"खूप."

"सांगायला काय झालं होतं रे तुला!" असं म्हणून ती हसायला आणि रडायला एकदमच लागली.

मग वेंडेलिननं सगळ्यांना सगळं सांगितलं. त्या गरीब नवरीची गोष्ट सांगताना त्यानं मान वर केली नाही. आडेलहाइड कपाळाला हात लावून खाली बसली. "अगं बाई, आणि मी तीन गाड्या आणल्या!" उर्बाननं तर त्याचे पाय धरले. योस्टनं बिअरचा नवा पिंप फोडला आणि बाजावाल्यानं बाजा काढला.

मी मात्र खड्ड्याच्या काठावरच थांबले. नाचायचं बळ एकदम संपलं होतं. थोड्या वेळानं लिओबा आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली. हाताला तिनं माझाच एप्रन फाडून बांधला होता.

"मावशी, ते मला डिवचायला म्हणालीस ना?"

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. पण त्या दिवशी मी पुरेसा खोटेपणा केला होता.

"आज डिवचायला म्हणाले," मी म्हणाले. "पण शब्द काही नवे नव्हते, लिओबा. गेली पानगळ सबंध मी मनातल्या मनात रोज तेच म्हणत होते. ओढ्यावर पडेपर्यंत."

तिनं हातावरची पट्टी सोडून पुन्हा घट्ट बांधली. मला वाटलं, आता ही जाईल, आणि गेली तर मी तिला थांबवणार नव्हते.

"त्याला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"असणारच. तुझ्यामाझ्यासारखे कान नव्हते त्याचे. मी पुटपुटायचे ते सगळं ऐकू जात असेल त्याला."

लिओबानं अंगणाकडे पाहिलं. तिथे वेंडेलिन योस्टचा ढगळ कोट घालून उभा होता आणि पाद्रीबाबा त्याला केक भरवत होते. मग ती माझ्याकडे वळली.

"सांगायला सगळं गाव होतं, मावशी," ती म्हणाली. "आणि जीव टांगणीला लागला तेव्हा तो तुझ्याकडे आला."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दिवसभर धावले, भांडले, ढिगावर बसले, पण तो माझ्याच दाराशी का आला हे मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. मी एप्रनसाठी हात खाली नेला, तर एप्रन नव्हता. मग मी लिओबाच्याच खांद्यावर डोकं टेकलं आणि ओढ्यावर रडले होते त्याहून मोठ्यानं रडले.